जोडून सुट्टी आली की नाटकाचं बुकिंग का बसतं?

विंगेतून

व्यावसायिक नाटकाचं बुकिंग सांभाळतो, मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्यात. नाटकाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण प्रश्न एका नाटकाचा नाही.

नवीन कॅलेंडर आलं की घरोघरी लाल तारखा बघून सहलीचे बेत ठरतात. आमच्याकडे त्याच तारखा बघून प्रयोग कुठे लावायचे याची चर्चा सुरू होते. बाहेरच्या माणसाला वाटतं, सुट्टी म्हणजे हाउसफुल्ल. एकट्या सुट्टीबाबत ते खरंही आहे. १ मे किंवा १५ ऑगस्ट बुधवारी आला तर दुपारचा प्रयोग छान जातो, कारण एका दिवसासाठी कुणी लांब जात नाही. तीच सुट्टी शुक्रवारी किंवा सोमवारी आली की सगळं फिरतं. शनिवारी सकाळी खंडाळ्याच्या घाटात गाड्यांची रांग लागल्याची बातमी आली की संध्याकाळी कोथरूडला आणि ठाण्याला काय होणार ते आम्हाला कळतं. घाटात अडकलेली ती माणसं म्हणजे आमचेच प्रेक्षक.

प्रयोगाचा खर्च मात्र विक्री बघून कमी होत नाही. नाट्यगृहाचं भाडं, कलाकारांची नाईट (प्रयोगाचं मानधन), पडद्यामागच्या मंडळींचे पैसे, सेटचा टेम्पो, बस, पेपरातली जाहिरात. दोनशे माणसं बसली काय नि आठशे बसली काय, आकडा तोच. आणि आमच्या हातात शनिवार-रविवार सोडून आहे काय? वर्षातले असे काही शनिवार-रविवार पडले तर जुनं, नाव झालेलं नाटक ते सोसतं. नव्या नाटकाचा मात्र जीव जातो. पहिल्या पंचवीस प्रयोगांत लोकांच्या तोंडी नाव गेलं नाही तर निर्माता पुढच्या तारखा घेत नाही.

दिवाळीची गोष्ट वेगळी. लक्ष्मीपूजनाला प्रयोग लावण्यात अर्थ नाही. पाडवा आणि भाऊबीज हे मात्र आमचे सर्वांत चांगले दिवस. बहीण, भाऊ, जावई, पोरं अशी आठ-दहा माणसं एकत्र जेवतात आणि दुपारी चारच्या प्रयोगाला येतात. भाऊबीज झाली की तेच कुटुंब गाडी काढून बाहेर पडतं. शाळांची सुट्टी पुढे चालू राहते, आमची दिवाळी तिथेच संपते.

मला सर्वांत जास्त बोलायचंय ते वेळेबद्दल. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. नोव्हेंबर २०२४ च्या आधी तर १२० दिवस होतं. चांगल्या जागी खोली हवी असेल तर त्याहून आधी पैसे भरावे लागतात. आमची जाहिरात येते आठवडाभर आधी. म्हणजे सुट्टीत काय करायचं हे घरात ठरलं, पैसे गेले, तेव्हा नाटकाचं नाव त्या घरात पोचलेलंच नव्हतं. पर्यटनामुळे नाटक मागे पडतं असं आमच्याकडे सगळे म्हणतात. मला हे पूर्ण पटत नाही. आपण फार उशिरा बोलावतो, असं माझं मत आहे.

तुमच्याकडे सुट्टीत काय होतं ते लिहा. परगावची, परदेशातली मंडळी असतील तर त्यांनीही.

पेठेतली

मे महिना विसरलात का? मोठ्यांची नाटकं मेमध्ये थंड असतील, पण बालनाट्याला तेव्हाच गर्दी असते. आमच्याकडे नणंदेची दोन्ही मुलं महिनाभर असतात. आजोळी आलेली मुलं दुपारभर घरात कोंडून कशी ठेवणार? सकाळच्या प्रयोगाला शेजारपाजारची धरून सगळी वरात नेते. नाट्यगृहात बघावं तर माझ्यासारख्याच आज्या, माम्या आणि मावश्या. ही मुलं कुणी ठाण्याची, कुणी नाशिकची, कुणी बंगळूरची. म्हणजे तीही बाहेरून आलेलीच की.

बॅकस्टेज

पेठेतली, अगदी बरोबर. बालनाट्य सुट्टीच्या आधारावरच वाढलं. सुधाताई करमरकरांनी १९५९ मध्ये लिटल थिएटर सुरू केलं, रत्नाकर मतकरींची 'बालनाट्य' ही संस्था १९६२ ची. तेव्हापासून दिवाळी आणि मे हेच मुलांच्या नाटकाचे दोन हंगाम. फरक एवढाच की तेव्हा मुलाची सुट्टी म्हणजे आजोळ होतं. आता पंधरा दिवस शिबिर, आठ दिवस सहल, आणि उरलेले दिवस आजोळ.

जर्सीकर

विंगेतून, तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. इकडे नेमकं उलटं आहे. ब्रॉडवेचं, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक नाटकांचं, वर्षातलं सर्वांत मोठं उत्पन्न नाताळ ते नववर्ष या आठवड्यात येतं, कारण त्या आठवड्यात न्यूयॉर्कमध्ये जग उतरलेलं असतं.

काही आकडे देतो. २०१८-१९ च्या मोसमात ब्रॉडवेला सुमारे १ कोटी ४८ लाख प्रेक्षक आले आणि १८३ कोटी डॉलरची तिकिटं विकली गेली. त्यातले जवळपास ६५ टक्के प्रेक्षक पर्यटक होते. बहुतेक अमेरिकेतल्याच दुसऱ्या राज्यांतले, आणि एकूण प्रेक्षकांत पाचातला एक परदेशी. ३० डिसेंबर २०१८ ला संपलेल्या एकाच आठवड्यात सगळ्या नाट्यगृहांची मिळून ५ कोटी ७८ लाख डॉलरची विक्री झाली. त्याच आठवड्यात 'हॅमिल्टन' या संगीतिकेने एकटीने ४० लाख डॉलरचा टप्पा ओलांडला. असा आठवडा तोवर कुठल्याच नाटकाला मिळाला नव्हता.

हे आपोआप होत नाही. एरवी आठवड्याला आठ प्रयोग असतात, त्या आठवड्यात बरेच निर्माते नऊ लावतात. नाताळच्या आदल्या संध्याकाळी बहुतेक ठिकाणी पडदा बंद, मग त्याच्या बदल्यात एरवी नसलेला दुपारचा प्रयोग. तिकिटाचे दरही मागणीप्रमाणे चढतात. एरवी दीडशे डॉलरला मिळणारी खुर्ची त्या दिवसांत दुप्पट-तिप्पट झालेली मी स्वतः पाहिली आहे. रेडिओ सिटी म्युझिक हॉलचा नाताळचा कार्यक्रम १९३३ पासून चालू आहे. सुमारे सहा हजार खुर्च्यांचा तो हॉल, आणि गर्दीच्या दिवसांत एका दिवसात तीन-चार खेळ.

मग जानेवारी येतो. थंडी, बर्फ, पर्यटक गेलेले. दरवर्षी जानेवारीत बरीच नाटकं बंद होतात. निर्माते नाताळपर्यंत कसंबसं ओढतात, त्या आठवड्याचे पैसे घेतात आणि थांबतात. जी टिकतात ती एका तिकिटावर दुसरं तिकीट देतात. इथल्या माणसाला चांगली खुर्ची परवडते ती तेव्हा. मी स्वतः डिसेंबरात कधीच जात नाही, फेब्रुवारीत जातो.

आमच्याकडे उन्हाळ्यात भारतातून आई-वडील, सासू-सासरे येतात तेव्हा नायगारा आणि ब्रॉडवे हे दोन्ही आधीच ठरलेलं असतं. माझ्या मेहुण्यांनी विमानाच्या तिकिटांबरोबरच पुण्यातून नाटकाची तिकिटं काढली होती. तुमचा वेळेचा मुद्दा म्हणूनच मला पटतो. इथे पुढच्या सहा-आठ महिन्यांच्या तारखा समोर दिसतात.

बॅकस्टेज

जर्सीकर, माहिती उत्तम, पण तुलना जपून करायला हवी. तिथे भाषा इंग्रजी आहे, संगीतिका असेल तर भाषा न कळणाराही बसून बघतो. मुंबईला सुट्टीत गेटवे बघायला आलेला लखनौचा माणूस दादरला कौटुंबिक मराठी नाटकाला कशाला येईल? आणि येऊ नये असंही माझं म्हणणं आहे. म्हणजे त्याच्यासाठी नाटक बदलू नये.

कोचीमध्ये पर्यटकांसाठी रोज संध्याकाळी कथकली होतं. आधी रंगभूषा बघायची, मग हस्तमुद्रांची ओळख, मग तासाभराचा प्रवेश. देवळातली कथकली रात्रभर चालते, तिला तिकीट नाही. त्या तासाभराच्या खेळावर कलाकारांची घरं चालतात हे मला मान्य आहे, त्यांचा मला आदर आहे. पण तिथे जे दाखवलं जातं ते पाहुण्याच्या सवडीनुसार कापलेलं असतं. ब्रॉडवेवरही तेच भय आहे. पर्यटक वर्षातून एकदा येतो, त्यामुळे तो ऐकलेलं नाव निवडतो. नव्या लेखकाच्या, नाव नसलेल्या नटांच्या नाटकाला तो उभा राहत नाही. अशा नाटकाला आधार लागतो तो दर महिन्याला नाटक बघणाऱ्या स्थानिक माणसाचा. आपल्याकडे तो माणूस अजून आहे. त्याला सांभाळा.

जर्सीकर

बॅकस्टेज, यातलं बरंच मान्य. डिसेंबर २०२१ मध्ये ओमायक्रॉन आला आणि ऐन नाताळात प्रयोगामागून प्रयोग रद्द झाले. वर्षाची कमाई ज्या आठवड्यात होते तोच गेला. एवढं पाहुण्यांवर अवलंबून राहिल्याची ती किंमत होती.

फोंडेकर

गोव्याचं सांगतो. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कळंगुट-बागा भागात पाय ठेवायला जागा नसते. त्यातला एक टक्का तरी कला अकादमीत किंवा मडगावच्या रवींद्र भवनात येतो का? नाही. त्याला गोव्याचं म्हणून जे दाखवतात ते मांडवीतल्या बोटीवर. तिथे 'देखणी' हा लोकनाच नि फुगडी यांचे तुकडे करतात आणि नंतर त्याच गाण्यांवर पाहुण्यांना नाचवतात. उलट त्या दिवसांत रस्ते इतके भरतात की फोंड्याहून पणजीला रात्रीच्या प्रयोगाला जाणारा आमच्यासारखा माणूस घरीच बसतो. म्हणजे पर्यटक नाटकाला येत नाही आणि स्थानिकालाही पोचू देत नाही.

पण आमच्याकडे दुसराही प्रवास आहे. देवळांच्या जत्रा आणि उत्सव. गावची मुलं उत्सवी नाटक करतात, मराठी, बहुतेक पौराणिक नाहीतर ऐतिहासिक. मुंबई-पुण्याला गेलेली घरं त्या तिथीला गावात परततात. तिकीट नसतं, वर्गणी असते, पण मांडव भरतो. तिथी ठरलेली, कुणाला वेगळं कळवावं लागत नाही.

तियात्राचा, म्हणजे गोव्याच्या कोंकणी नाटकाचा, जन्मही सणाच्या दिवशीचाच. पहिलं तियात्र झालं मुंबईत, १७ एप्रिल १८९२ ला, ईस्टरच्या रविवारी. नोकरीसाठी मुंबईला गेलेल्या गोंयकारांनी केलेलं. आजही गोव्यात तियात्राची तिकिटं विकली जातात आणि घेणारा आपला माणूस असतो, पर्यटक नव्हे.

चाकरमानी

फोंडेकर, कोकणात तेच. गणपतीत दादर-परळमधले आम्ही अर्धेअधिक गावाला. त्या दिवसांत मुंबईत नाटक लावणाऱ्याचं धाडस म्हणायचं. आणि तुळशीच्या लग्नानंतर जत्रा सुरू झाल्या की दशावतार. रात्री बारानंतर खेळ उभा राहतो, पहाटेपर्यंत चालतो, बघायला मुंबईहून मुद्दाम रजा टाकून येणारे कितीतरी. मीसुद्धा.

वडसा पॅसेंजर

इतक्या प्रतिसादांत झाडीपट्टीचं नाव आलं नाही म्हणून खास खातं उघडून लिहितोय.

गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया हे चार जिल्हे म्हणजे आमची झाडी. इथे दिवाळीपासून होळीपर्यंत तिकीट लावून नाटकं होतात, आणि रात्रभर होतात. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे त्याचं केंद्र. बहुतेक कंपन्यांची कार्यालयं तिथेच, गावोगावची मंडळं तिथे येऊन नाटक ठरवतात. आमच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा मुंबईच्या बऱ्याच लोकांनी ही रंगभूमी पहिल्यांदा ऐकली.

आता सुट्टी आणि तिकिटाचं नातं सांगतो. भाऊबीज झाली की आमच्याकडे मंडई, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू होतात. आज या गावची, उद्या त्या गावची. शेजारच्या गावांच्या मंडईचे दिवस वेगळे असतात, त्यामुळे लोक सगळीकडे जाऊ शकतात. मंडई असली की लेकी, जावई, सोयरे गावात येतात. घरात दहा-पंधरा पाहुणे. दिवसा मंडई, दंडार (आमचं लोकनाट्य), खरेदी, आणि रात्री नाटक. पाहुण्याला नाटक दाखवणं हा यजमानाचा मान आहे. जावयाला खुर्चीचं तिकीट काढून द्यावंच लागतं, पोरंबाळं खाली बसतात. पुढे थंडीत शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, असला की पुन्हा तेच. धान निघालेलं असतं, हातात पैसा असतो.

नाटक आणणारं मंडळ गावचंच. फायदा झाला तर शाळेला, देवळाला, व्यायामशाळेला जातो, म्हणून तिकीट घेताना कुणी घासाघीस करत नाही. बैलांच्या शर्यतींवर २०१४ मध्ये बंदी आली, त्या वर्षांत आमच्या गावात पाहुणे कमी झाले आणि नाटकाचा गल्लाही उतरला. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली, पट पुन्हा भरला, पाहुणे आले, नाटकाला गर्दी झाली. पटासाठी आलेला माणूस नाटक बघून जातो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

म्हणून 'सुट्टीत लोक फिरतात म्हणून नाटक पडतं' हे वाक्य मला अर्धं वाटतं. आमच्याकडे लोक फिरतात म्हणूनच नाटक चालतं. ते ज्या गावात जातात त्या गावात, त्याच रात्री नाटक असतं, आणि ते असणार हे त्यांना घरून निघतानाच माहीत असतं.

पेठेतली

वडसा पॅसेंजर, काय सुरेख लिहिलंत. जावयाला खुर्चीचं तिकीट! खातं उघडलंत ते फार चांगलं केलंत, आता इथेच राहा.

थेम्सकाठी

लंडनची थोडी भर. इथे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी दिसतात. वेस्ट एंडला, म्हणजे इथल्या व्यावसायिक नाट्यगृहांच्या भागात, अगाथा ख्रिस्तीचं 'द माऊसट्रॅप' २५ नोव्हेंबर १९५२ पासून चालू आहे. कोविडच्या काळात बंद होतं तेवढा खंड. त्याच्या प्रेक्षकांत पर्यटक भरपूर. लंडनबाहेरच्या लहान शहरांत मात्र नाताळच्या दिवसांत पँटोमाइम होतो. मूकनाट्य नव्हे, गाणी-विनोदांचं कौटुंबिक नाटक. प्रेक्षक सगळे गावातले, आजी-आजोबा ते तान्ही मुलं, ओरडून नटांना उत्तरं देणारे. कित्येक नाट्यगृहं त्या चार-पाच आठवड्यांच्या पैशावर वर्षभराची गंभीर नाटकं करतात. पुढच्या वर्षीच्या पँटोची तिकिटं यंदाचा चालू असतानाच विकायला काढतात. मुलं बाहेर पडताना आईचा हात ओढत असतात, त्याच क्षणी.

विंगेतून

सगळ्यांचे आभार. झाडीपट्टीबद्दल वडसा पॅसेंजर यांनी जे लिहिलं ते मी दोनदा वाचलं.

तारखा उशिरा का कळतात ते आधी सांगतो, म्हणजे निर्मात्यांना आळशी समजू नका. नाट्यगृहाच्या तारखा काही महिन्यांच्या तुकड्यांनी वाटल्या जातात. सुट्टीच्या तारखेवर पाच-सहा संस्थांचा डोळा असतो. मिळालेली तारीख एखाद्या सरकारी किंवा पालिकेच्या कार्यक्रमासाठी काढूनही घेतली जाते. कलाकार मालिकेत असेल तर त्याचं चित्रीकरणाचं वेळापत्रक अगदी शेवटी कळतं. या सगळ्यातून नाटक पेपरात येईपर्यंत सोमवार उजाडतो आणि प्रयोग शनिवारी असतो.

जर्सीकर, गर्दीच्या दिवशी दर चढवण्याचा मार्ग आमच्यासाठी जवळपास बंद आहे. ५०० रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावर जीएसटी नाही, त्याच्या वर गेलं की लागतो. आणि खरं सांगायचं तर चार माणसांच्या घराला आजचे दरही जड आहेत. त्यामुळे चांगल्या दिवशी जास्त कमावून वाईट दिवस भरून काढणं आम्हाला जमत नाही. आम्हाला वाईट दिवसच कमी करावे लागतील.

डिसेंबर मला आशेचा वाटतो. परदेशातली मुलं-नातवंडं तेव्हा पुण्या-मुंबईत येतात, तीन-चार आठवडे राहतात. घरातली मोठी माणसं त्यांना मराठी ऐकवायला आसुसलेली असतात. त्यांचं विमान ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच ठरलेलं असतं. आमच्या २५ ते ३१ डिसेंबरच्या तारखा दसऱ्याला जाहीर झाल्या तर त्या घरांत नाटकाचा दिवस आधीच राखून ठेवला जाईल. नाताळच्या तारखा तरी आधी द्या, एवढी मागणी निर्मात्यांनी एकत्र येऊन नाट्यगृहांकडे करावी असं मी सुचवणार आहे.

दुसरा विचार असा की जोडून सुट्टीला दौराच प्रेक्षक जातो तिकडे न्यावा. रत्नागिरी, कोल्हापूर, नाशिक. कुणी सहलीत नाटक बघितलंय का?

पेठेतली

आम्ही गणपतीपुळ्याला गेलो होतो तेव्हा रत्नागिरीत नाटक होतं, बोर्ड दिसला. पण मुलं दिवसभर पाण्यात खेळून आलेली, जेवून झोपली. सहलीतला माणूस रात्री नऊला नाटकाला येईल असं धरू नका. रत्नागिरीचा माणूस मात्र येईल, त्याच्यासाठी जा.

डोंबिवलीकर

इतका वेळ नुसतं वाचत होतो. एक गोष्ट कुणीच लिहिली नाही. जोडून सुट्टीला शहर रिकामं होत नाही. मुलगा-सून-नातवंडं गोव्याला जातात, आम्ही दोघं घरी असतो. आमच्या इमारतीत अशी निदान आठ घरं आहेत. त्या तीन दिवसांत आम्हाला नातवाला आणायचं नसतं, डबा करायचा नसतो, आणि नाटक तर जन्मभराची आवड. तरी आम्ही येत नाही, कारण प्रयोग रात्री साडेआठचा असतो. बारा वाजता रिक्षा शोधत उभं राहणं आता जमत नाही, आणि गाडीने आणणारा मुलगा कळंगुटला.

आता आमच्यासारखे तुमचे प्रेक्षक म्हातारे झाले म्हणून वाईट वाटून घेऊ नका. आम्हाला दुपारी चारला बोलवा. सातला नाटक संपलं की सात-वीसला घरी. आणि तिकीट फोनवर काढायला लावू नका, खिडकीवर काही खुर्च्या ठेवा. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात चाळीस माणसं एका निरोपावर जमतात.

बॅकस्टेज

डोंबिवलीकर, हा धाग्यातला सर्वांत कामाचा प्रतिसाद. दर महिन्याला नाटक बघणारा म्हणून मी वर ज्याच्याबद्दल लिहिलं तो माणूस हाच.

विंगेतून

डोंबिवलीकर, २६ जानेवारीच्या जोडून सुट्टीला आमचा शनिवारी रात्रीचा प्रयोग तुमच्याच भागात आहे. तो दुपारच्या सत्रात घेता येतो का हे उद्या विचारतो. सेट आदल्या रात्री पुण्याहून यायचा आहे, त्यामुळे टेम्पोवाल्याशी आधी बोलावं लागेल. संघाच्या चाळीस खुर्च्या मधल्या रांगांत, पायऱ्या कमी असतील अशा बाजूला ठेवतो. तुम्ही फक्त एक निरोप करा, मी संघाच्या सचिवांना स्वतः येऊन भेटतो.